इनसोल धुताय ते ठीक, पण वाळवताय का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: रोजच्या वापरातले स्पोर्ट्स शूज, इनसोल काढता येतात, दर महिन्याला ते वॉशिंग मशीनमध्ये टाकले जातात, बेकिंग सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून घासूनही झालंय, तरी दोन-तीन दिवसांत वास परत येतो. आता एका इनसोलचं वरचं कापड टाचेपाशी सुटलंय आणि मधे फुगवटा आलाय. हे वाचतील का फेकायचे, आणि नवीन घेतले तर परत असं होऊ नये म्हणून काय करायचं?

मी शूज साफ करायचं आणि दुरुस्तीचं काम बरीच वर्षं करतोय, त्यामुळे उत्तर जरा लांबेल, पण एकदा नीटच सांगतो.

सगळ्यात आधी मशीन बंद करा. इनसोल मळून जेवढे खराब होतात ना त्यापेक्षा जास्त धुण्याने खराब होतात, माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांचं हेच रडगाणं असतं. इनसोल म्हणजे एकसंध वस्तू नाही, वर कापड, खाली फोम, मधे गोंदाचा पातळ थर, कधी टाचेखाली वेगळा जेलचा तुकडा. मशीनमध्ये हे सगळं पीळ खातं, आपटतं, आणि स्पिनला फोम दाबला जातो तेव्हा कापड आणि फोम वेगवेगळे ताणले जातात, मग गोंद सुटतो. तुमचा फुगवटा तिथूनच आलाय. गरम पाण्याचं सेटिंग असेल तर गोंद अजून लवकर सैल पडतो. आणि ड्रायरमध्ये टाकले तर विषयच संपला, इव्हीए फोम (शूजमध्ये नेहमी वापरतात तो हलका प्लास्टिकचा फोम) आकसतो आणि मग तो शूजमध्ये मागे-पुढे सरकत राहतो.

आता वासाचं. घामाला स्वतःला जवळजवळ वास नसतो. दोन्ही पायांवर मिळून साधारण अडीच लाख घामाच्या ग्रंथी असतात असं म्हणतात, आणि बंद शूजमध्ये तो घाम जाणार कुठे, इनसोलमध्येच मुरतो. तळव्याची मेलेली त्वचाही झडून तिथेच बसते. त्यावर बॅक्टेरिया पोसले जातात, त्यातला स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस हा तर आपल्या सगळ्यांच्या कातडीवर असतोच, तो घामातलं ल्युसिन नावाचं अमिनो आम्ल फोडतो आणि त्यातून आयसोव्हॅलेरिक अ‍ॅसिड तयार होतं. तो जुन्या चीजसारखा आंबूस वास त्याचाच. म्हणजे वास यायला तीन गोष्टी लागतात, बॅक्टेरिया, त्यांचं खाणं आणि ओलावा. बॅक्टेरिया पूर्ण घालवणं जमणार नाही कारण पाय घातला की ते परत आलेच. खाणं धुऊन बरंच कमी होतं. आणि ओलावा हा पूर्णपणे आपल्या हातात आहे, पण नेमकं तिथेच लोक घाई करतात. तुमचा वास दोन-तीन दिवसांत परत येतो याचं कारण माझ्या मते इनसोल आतून अर्धवट ओले असतानाच शूजमध्ये जातायत. वरचं कापड दोन-तीन तासांत कोरडं लागतं, खालचा फोम मात्र आत पाणी धरून बसलेला असतो.

बेकिंग सोडा आणि व्हिनेगर एकत्र करण्याबद्दल. फेस येतो, बघायला भारी वाटतं, पण तो फेस म्हणजे दोघांनी एकमेकांना संपवलेलं असतं. एक अल्कली, एक अ‍ॅसिड, उरतं काय तर पाणी, कार्बन डायऑक्साइड आणि सोडियम अ‍ॅसिटेट, एक साधं मीठ. वेगवेगळे वापरले तर दोन्ही कामाचे आहेत. बेकिंग सोडा कोरडा भुरभुरवून रात्रभर ठेवला की थोडा ओलावा ओढतो आणि मुख्य म्हणजे त्या आयसोव्हॅलेरिक अ‍ॅसिडशी जुळून त्याचं मीठ करतो, मीठ हवेत उडत नाही म्हणून वास येत नाही. पण हे तेवढ्यापुरतं, बॅक्टेरिया जागच्या जागीच. सकाळी तो नीट झटकून काढायचा, नाहीतर पायाच्या घामात भिजून त्याची पेस्ट होते आणि कापडाच्या जाळीत दगडासारखी बसते. व्हिनेगर वापरायचं तर एक भाग व्हिनेगर आणि एक भाग पाणी, कपड्याने पुसून घ्यायचं, बुडवायचं नाही. आणि एक गोष्ट गंभीरपणे सांगतो, ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र करू नका, क्लोरीन वायू निघतो, बंद बाथरूममध्ये ते जिवावर बेतू शकतं. ब्लीच तसंही इनसोलसाठी वापरूच नका, फोम पिवळा पडतो आणि ठिसूळ होतो.

धुण्याआधी इनसोल कशाचा आहे ते ओळखा, कारण सगळ्यांना एकच माप लावता येत नाही. कडेला बघा, तिथे फोम उघडा दिसतो. नखाने हलकं दाबा. लगेच वर आला आणि बारीक बुडबुडे दिसत असतील, हाताला हलका लागत असेल तर बहुतेक इव्हीए. दाबल्यावर सावकाश, आळसात वर येत असेल तर मेमरी फोम. स्पंजसारखी उघडी छिद्रं दिसत असतील तर पीयू (पॉलीयुरेथेन) किंवा लॅटेक्स. अजून खात्री हवी असेल तर कडेच्या उघड्या फोमवर पाण्याचा एक थेंब सोडा. इव्हीएवर तो मण्यासारखा थांबतो, उघड्या छिद्रांच्या (ओपन-सेल) पीयूमध्ये हळूहळू आत जातो. ही छोटीशी टेस्ट बघितली की पुढे वाळायला किती वेळ लागणार याचा अंदाज लगेच येतो, म्हणून मी नेहमी ती आधी करतो.

तर स्पोर्ट्स शूजच्या नेहमीच्या कापड-फोमवाल्या इनसोलसाठी. काढताना पुढून ओढू नका, टाचेकडून बोट घालून सावकाश उचला, कुठे गोंदाचा ठिपका असेल तर तिथे थांबून हळूच सोडवा. कोरड्या ब्रशने आधी सगळी धूळ, माती, मोज्यांचा लोकर-कापूस झटकून काढा, हे ओलं व्हायच्या आधीच करायचं, नाहीतर चिखल होऊन तो आत जातो. मग एका भांड्यात कोमट पाणी, हाताला जेमतेम गरम लागेल इतकंच, त्यात लिक्विड डिटर्जंटचे थोडेसे थेंब. एन्झाइमवालं असेल तर उत्तम, कारण त्यातले प्रोटीएज कातडीचे कण फोडतात आणि लायपेज तेलकटपणा. फेस जास्त झाला म्हणजे जास्त स्वच्छ होतं असं काही नाही, उलट उरलेला साबण चिकट राहतो आणि परत धूळ ओढतो. मऊ ब्रशवर, जुना टूथब्रशही चालेल, थोडा फेस घ्या आणि टाच आणि बोटांची जागा गोल गोल फिरवत घासा. सगळ्यात जास्त घाण तिथेच असते, मधल्या कमानीपाशी काहीच नसतं. इनसोल उलटा करून खालची बाजूही पुसा, ती सगळे विसरतात. एन्झाइमला पाच-दहा मिनिटं द्या, मग ओल्या कपड्याने दोन-तीनदा पुसून साबण काढा. पूर्ण बुडवायची गरज इव्हीएलाही फारशी नसते, मेमरी फोमला तर अजिबात बुडवू नका, तो पाणी पिऊन बसतो आणि पिळता येत नाही, पिळला तर आतून तुटतो. फॅब्रिक सॉफ्टनर नको, त्याचा थर कापडाची ओलावा ओढायची ताकदच मारतो.

आता वाळवणं, या सगळ्या उत्तरात माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं हेच. इनसोल जाड टॉवेलच्या मधे ठेवा आणि वरून तळहाताने दाबा, पिळू नका. टॉवेलची कोरडी जागा बदलत परत दाबा, जोपर्यंत टॉवेलवर ओला डाग उमटतोय तोपर्यंत. मग ते आडवे ठेवू नका, उभे ठेवा, भिंतीला टेकवून किंवा कपड्याच्या चिमट्याने टाचेकडून लटकवून, म्हणजे दोन्ही बाजूंना हवा लागते. पंखा लावा. पंखा हा उन्हापेक्षा चांगला आणि हेअर ड्रायरपेक्षा तर कितीतरी. कडक उन्हात पीयू फोम पिवळा पडतो आणि भुगा व्हायला लागतो, इव्हीए वाकडा होतो, आणि शूजचे बरेचसे गोंद तर 60-70 अंशांच्या आसपासच मऊ पडायला लागतात, बंद गाडीच्या काचेपाशी किंवा हीटरवर ते सहज होऊ शकतं. सकाळचं कोवळं ऊन अर्धा तास असेल तर हरकत नाही.

किती वेळ? इव्हीएला पंख्याखाली एक रात्र सहसा पुरते, पीयूला पूर्ण दिवस, मेमरी फोमला दोन दिवस धरून चाला. पण घड्याळावर विश्वास ठेवू नका, तपासा. साधी पद्धत म्हणजे टाचेच्या जागेवर टिश्यू पेपर ठेवून अंगठ्याने जोरात दाबून धरायचं, टिश्यू ओलसर झाला तर आत पाणी आहे. दुसरी, इनसोल गालाला लावून बघा, ओला असेल तर खोलीतल्या बाकी वस्तूंपेक्षा गार लागतो, कारण पाण्याची वाफ होताना उष्णता घेते. आणि ज्यांच्याकडे छोटा डिजिटल वजनकाटा आहे त्यांच्यासाठी माझी आवडती युक्ती, धुण्याआधी कोरड्या इनसोलचं वजन लिहून ठेवा. वाळत आल्यावर परत ठेवा, जोपर्यंत आकडा जुन्यावर येत नाही तोपर्यंत शूजमध्ये घालायचा नाही. लोक हसतात पण यात फसवाफसवी होत नाही, कापड खोटं बोलतं, काटा बोलत नाही.

इनसोल बाहेर आहेत तोवर शूजच्या आत डोकावून बघा. इनसोलखाली एक कापडाचा किंवा पुठ्ठ्यासारखा थर असतो, शिवण दिसते, तिथेही घाम उतरलेला असतो. बऱ्याचदा इनसोल अगदी स्वच्छ असतो आणि वास मारतो तो हा थर, मग माणूस इनसोलच बदलत बसतो. तिथे व्हॅक्यूमचं तोंड किंवा कोरडा ब्रश फिरवा, मग पिळून घेतलेल्या ओलसर कपड्याने पुसा, आणि शूजमध्ये कागदाचे बोळे कोंबून दर काही तासांनी बदला. 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल एका बाटलीत भरून हलका फवारा मारला तर बॅक्टेरिया बरेच कमी होतात आणि ते लवकर उडूनही जातं, पण लेदर, गोंदाच्या कडा आणि रंगीत कापडापासून दूर ठेवा, आणि आगीजवळ तर नकोच.

इनसोल चिकटवलेले असतील, फॉर्मल शूजमध्ये किंवा सँडलमध्ये असतात तसे, तर ओढून काढायच्या फंदात पडू नका. साबणाचा नुसता फेस, पाणी नाही, फेस कपड्यावर घेऊन पुसायचं, मग साध्या ओलसर कपड्याने, मग पंखा. बस.

लेदरचे इनसोल वेगळ्याच जातीचे. ते थोडे आम्लधर्मी असतात आणि बेकिंग सोड्यासारखी अल्कली त्यांना कोरडी पाडते, तडे जातात. एन्झाइमवालं डिटर्जंटही नको, कारण लेदर म्हणजे शेवटी प्रोटीनच. सॅडल सोप, म्हणजे लेदरसाठीचा खास साबण, थोडासा, ओलसर कपड्यावर, पुसून घ्या, सावलीत वाळवा. घामाच्या मिठाचे पांढरे डाग असतील तर नुसत्या ओल्या कपड्याने आधी दोनदा पुसून बघा, बहुतेक निघतात. सीडर लाकडाचे शू ट्री, म्हणजे शूजमध्ये घालून ठेवायचे पायाच्या आकाराचे साचे, मिळत असतील तर लेदरसाठी पैसे वसूल, ओलावा ओढतात आणि आकारही धरून ठेवतात. कॉर्कवाल्या फुटबेडला, म्हणजे सँडलच्या पाय टेकतो त्या तळाला, भिजवू नका, कडा कोरड्या पडून भेगा दिसायला लागल्या तर कॉर्क सीलर लावून घ्या. जेलचे इनसोल सगळ्यात सोपे, साबणाच्या पाण्याने हातानेच धुवायचे, चिकटपणा परत येतो, पण टॉवेलने पुसायचे नाहीत कारण त्याचा सगळा धागा जेलला चिकटतो, हवेवर सोडून द्यायचे.

आणि डॉक्टरने माप घेऊन करून दिलेले ऑर्थोटिक इनसोल असतील तर फक्त गार पाण्यात भिजवून पिळलेला कपडा आणि सौम्य साबण, उष्णता कुठलीच नाही. त्यांचा आकार हीच त्यांची किंमत, टाच थोडी जरी वाकडी झाली तरी गुडघ्यापर्यंत त्रास जाऊ शकतो. काही शंका असेल तर ज्यांनी बनवलेत त्यांनाच विचारा.

फ्रीजरमध्ये ठेवायचा उपाय सगळीकडे सांगतात. थंडीने बहुतेक बॅक्टेरिया मरत नाहीत, गप्प बसतात, पाय घातल्यावर ऊब मिळाली की परत कामाला लागतात. फुकट जागा अडते. परफ्यूम मारणं तर त्याहून वाईट, वासावर वास, आणि ओलावा अजून एक थर.

इथे एक गोष्ट वेगळी काढून सांगतो कारण साफसफाईने ती सुटत नाही. बोटांच्या बेचक्यात खाज, कातडी सोलणं, नखं जाड आणि पिवळी होणं असं असेल तर फंगस असू शकतो, नेहमीचा म्हणजे ट्रायकोफायटन रुब्रम. त्याचे बीजाणू शूजमध्ये महिनोन् महिने टिकू शकतात. मोजे 60 अंशांच्या पाण्यात धुऊन त्यांचा बंदोबस्त होतो, इनसोलला ते तापमान झेपत नाही, म्हणून उपचार सुरू केल्यावर इनसोल सरळ बदलून टाकणं मला जास्त पटतं, नाहीतर पाय बरा होतो आणि शूज त्याला परत आजारी करतो. तळव्यावर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे आणि प्रचंड वास असेल तर तो बॅक्टेरियाचा त्वचारोग असतो, त्यालाही क्रीम लागतं, डॉक्टरला दाखवा. आणि घरात कोणाला डायबिटीस असेल, पायाची संवेदना कमी झालेली असेल, तर इनसोल परत बसवल्यावर दरवेळी आत हात घालून बोटांनी चाचपा. एखादी घडी, खडा, उचललेली कड पायाला कळत नाही आणि त्याची जखम होते.

रोजच्या सवयीत मी फार काही सांगणार नाही. एकच जोडी रोज घालू नका, दोन जोड्या आलटून पालटून वापरा, म्हणजे प्रत्येकीला निदान 24 तास मिळतात. घरी आल्यावर लेस पूर्ण सैल करा, जीभ वर ओढा, इनसोल टाचेकडून अर्धा उचलून तसाच तिरका ठेवा, काढायचीसुद्धा गरज नाही. शूज लगेच बंद कपाटात टाकू नका. मोजे रोज धुतलेले, आणि पाय धुतल्यावर बोटांच्या मधे कोरडं करून मगच घाला. फार घाम येत असेल तर पावडर इनसोलवर नाही, पायावर आणि तीही थोडी. एवढं केलंत तर महिन्याला धुवायची गरजच पडत नाही, नुसतं पुसून भागतं. पावसात भिजले असतील किंवा व्यायामाचे असतील तर गोष्ट वेगळी, तेव्हा त्याच दिवशी बाहेर काढा, रात्रभर आत ठेवू नका.

आता तुमचे इनसोल. कापड फक्त टाचेपाशी सुटलंय आणि फोम सपाट असेल तर वाचतील. पूर्ण कोरडे करा, सुटलेल्या भागात रबरी काँटॅक्ट अ‍ॅडेसिव्हचा अगदी पातळ हात दोन्ही बाजूंना लावा, डब्यावर लिहिलंय तितका वेळ थांबा, मग मधून कडेकडे बोटाने हवा बाहेर काढत दाबा आणि वर जड पुस्तक ठेवून रात्रभर सोडा. फेविक्विकसारखा झटपट गोंद नको, तो कडक होतो आणि त्याच्या कडेने पायाला फोड येतो. फुगवटा मात्र फोममध्येच असेल, म्हणजे दाबला की खाली जातो आणि परत वर येतो, किंवा इनसोल टेबलावर सपाट बसत नाही, तर त्याच्या मागे लागू नका. तसंच दोन्ही इनसोल उजेडात धरून टाचेची जाडी बघा, एक बाजू दबून पातळ झाली असेल, भेगा असतील, किंवा पूर्ण वाळल्यावरही थोडा ओला झाला की लगेच वास सुटत असेल तर त्यांचा काळ संपला.

नवीन घेताना जुना इनसोल नवीनवर ठेवून पेनने रेघ मारा, टाच टाचेला जुळवून. कापायचं फक्त पुढून बोटांकडे, टाचेकडे कात्री लावू नका, तिथली वाटी बिघडली की पाय सरकतो. रेघेच्या थोडं बाहेरून कापा, घालून बघा, अडकलं तर अजून थोडं घ्या. फुटवेअरबरोबर येणारे मूळ इनसोल जपून ठेवा, पुढच्या वेळी साचा म्हणून तेच लागतात. आणि कार्बनचा थर असलेले घेणार असाल तर एक लक्षात ठेवा, तो कार्बन वासाचे कण धरून ठेवतो पण एकदा भरला की धुऊन फारसा रिकामा होत नाही, म्हणून ते बदलायचे इनसोल समजूनच घ्या, धुऊन वर्षानुवर्षं चालवायचे नाही.